शेतात बदल करून वापरलेली १९९१ ची राजदूत पुन्हा रस्त्यासाठी पासिंग करायची आहे: मार्गदर्शन हवे

औशाचा_पुतण्या

नमस्कार. औसा तालुक्यातील आमच्या शेतातल्या कोठ्यात माझ्या चुलत्यांची राजदूत एक्सेल-टी मोटारसायकल गेली अनेक वर्षे उभी आहे. ती त्यांनी १९९१ मध्ये लातूरहून नवी कोरी घेतली होती. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला, तेव्हा आमचे दगडमातीचे माळवदाचे घर बसले आणि कागदपत्रांची पेटी त्याखाली गेली. गाडी त्या रात्री शेतात होती म्हणून राहिली. पुढे गाव नव्या जागी वसले, घर उभे करण्यात काही वर्षे गेली, आणि गाडी शेत ते वस्ती एवढीच फिरत असल्यामुळे तिचे कागद कुणी मागितले नाहीत व चुलत्यांनीही आरसी बुकाची दुसरी प्रत काढली नाही.

ही गाडी आता मूळ रूपात नाही, आणि त्याचे कारण आमची काळी जमीन आहे. पावसाळ्यात चिकट माती टायर आणि मडगार्डच्या मध्ये भरत जाते, शे-दोनशे पावले गेले की चाक जागीच जाम होते आणि खाली उतरून काडीने किंवा खुरप्याने माती उकरावी लागते. म्हणून चुलत्यांनी पुढचे मडगार्ड काढून तिथे पत्र्याची उंच पट्टी बसवली, मोठ्या गट्ट्यांचे टायर घातले, मागचे चेन सॉकेट मोठे केले, सायलेन्सर कापून वर वळवला, आणि हेडलाइट, इंडिकेटर, साडी गार्ड हे सगळे काढून ठेवले. त्यातला हेडलाइट तेवढा घरात सापडला आहे. शिवाय खताचे पोते बांधता यावे म्हणून लोखंडी अँगलचा कॅरियर मागे फ्रेमला वेल्डिंग करून जोडलेला आहे. या रूपात ती गुडघाभर चिखलातून निघत असे, हे मी लहानपणी मागे बसून पाहिले आहे.

चुलते २०२२ मध्ये वारले. चुलती हयात आहेत आणि त्यांच्या दोन्ही मुली लग्न होऊन आपापल्या घरी आहेत. तिघींचीही गाडी मी नीट करून वापरावी अशी इच्छा आहे. मला ती शोभेसाठी नको आहे. गावाहून औशाला आठवड्यातून दोनदा जाणे होते, तेवढे तिच्यावर व्हावे आणि तेही पूर्ण कायदेशीर व्हावे, इतकेच हवे आहे.

अडचण अशी की नंबर प्लेट नाही, नंबर कुणाला आठवत नाही, आणि हाताशी फक्त चासी नंबर व इंजिन नंबर आहेत, तेही गंजलेले. एका दलालाने "नवीन पासिंग करून देतो, चासी नंबर पुसट आहे तो पुन्हा ठोकून घेऊ" असे सांगितले, तेव्हा मी तिथून उठून आलो. असा मार्ग नको आहे. सुरुवात कुठून करावी, बदललेल्या गाडीचे काय करावे लागेल, आणि खर्चाचा अंदाज काय, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

निवृत्त_निरीक्षक_परभणी

आपण उठून आलात हे योग्य केले. मी मोटार वाहन निरीक्षक म्हणून मराठवाड्यातील चार जिल्ह्यांत काम केले आहे आणि चासी नंबर पुन्हा ठोकलेल्या गाड्या तपासणीत कशा पकडल्या जातात, हे मला चांगले माहीत आहे. त्यात गाडी जाते आणि मालकावर गुन्हाही दाखल होतो.

पहिली गोष्ट अशी की तुम्हाला नवीन नोंदणी करायचीच नाही. गाडी १९९१ मध्ये विक्रेत्याकडून नवी घेतली होती, म्हणजे तिची नोंदणी त्याच वेळी झालेली असणार. नवीन नोंदणीसाठी नमुना २१ मधील विक्री प्रमाणपत्र आणि नमुना २२ मधील उत्पादकाचे प्रमाणपत्र लागते, आणि राजदूतचे उत्पादन बंद होऊन बराच काळ लोटला असताना ही दोन्ही कागदपत्रे आज तुम्हाला कुणीही कायदेशीरपणे देऊ शकणार नाही. जो कुणी देतो म्हणेल त्याचा कागद खोटा असेल. तेव्हा सगळा प्रश्न जुनी नोंद सापडण्याचा आहे, आणि जोवर ती सापडत नाही तोवर गाडीच्या दुरुस्तीवर एक रुपयाही घालू नका.

लातूरचा संकेतांक एमएच-२४ आहे. १९९१ मध्ये नोंदी हाताने नोंदवहीत होत असत आणि त्यात वाहन क्रमांक, मालकाचे नाव, पत्ता, चासी व इंजिन क्रमांक असे सर्व लिहिलेले असते. या नोंदवह्या वाहन क्रमांकाच्या क्रमाने आहेत, त्यामुळे नुसता चासी क्रमांक घेऊन गेलात तर पान-पान चाळावे लागते आणि त्यासाठी कुणाला वेळ असेलच असे नाही. म्हणून आधी घरी शोध घ्या. जुनी विम्याची पावती, सर्व्हिसिंगचे कार्ड, बँकेचे किंवा सोसायटीचे कर्ज काढले असल्यास त्याचा कागद, एखादी दंडाची पावती, जुना फोटो, यांपैकी कशावरही क्रमांक असू शकतो. क्रमांक मिळाला की चुलतींच्या सहीने कार्यालयात लेखी अर्ज देऊन नोंदवहीतील नोंद 'वाहन' या संगणक प्रणालीत घेण्याची विनंती करा. याला बोलीभाषेत बॅकलॉग करणे म्हणतात. हे झाल्याशिवाय त्या क्रमांकावर ना पीयूसी निघते, ना शुल्क भरता येते, ना पुढचा कुठलाही अर्ज दाखल होतो. बहुतेक लोक इथेच अडकतात, कारण ते आधी पीयूसी आणि विम्याच्या मागे धावतात.

नोंद प्रणालीत आल्यावर तीन कामे उरतात. आरसी हरवल्याबद्दल पोलीस ठाण्याचा गहाळ दाखला घेऊन नमुना २६ मध्ये दुय्यम प्रतीचा अर्ज करावा लागतो. मालक हयात नसल्याने वारसाच्या नावावर वाहन करण्यासाठी नमुना ३१, सोबत मृत्यू दाखला आणि दोन्ही मुलींचे संमतीपत्र द्यावे लागते. हा अर्ज खरे तर मृत्यूनंतर ३ महिन्यांच्या आत करायचा असतो, तुम्हाला उशीर झाला आहे, त्याचे जादा शुल्क लागेल. वाहन चुलतींच्या नावावर झाले की ते तुमच्या नावावर करण्याची घाई करू नका. घरातील वाहन घरातील माणसाने चालवण्यात काहीच अडचण नाही, विमा मात्र त्यांच्या नावाने असावा. चुलतींच्या आधारला चालू मोबाइल क्रमांक जोडलेला आहे का, हे आजच पाहून घ्या. वयस्कर अर्जदारांची कामे बहुतेक वेळा ओटीपीपाशी थांबतात.

तिसरे काम नूतनीकरणाचे. खासगी वाहनाची नोंदणी १५ वर्षांची असते, म्हणजे तुमची मुदत २००६ मध्येच संपली. पुढे दर वेळी ५ वर्षांसाठी नमुना २५ मध्ये नूतनीकरण होते. १५ वर्षे झाली की गाडी भंगारातच जाते असा समज आपल्याकडेही पसरला आहे, परंतु तो दिल्ली परिसरातील आदेशांवरून आलेला आहे. आपल्या भागात वाहन तपासणीत उत्तीर्ण झाले तर नूतनीकरण होते. ऑगस्ट २०२५ पासून २० वर्षांहून जुन्या मोटारसायकलीसाठी नूतनीकरणाचे शुल्क २,००० रुपये आहे. खरा भार उशिराच्या आकाराचा असतो. मोटारसायकलीसाठी तो दर महिन्याला ३०० रुपये आहे, म्हणजे १०० महिन्यांचा उशीर धरला तर ३०,००० रुपये होतात. तुमच्या गाडीचा नेमका आकडा प्रणाली अर्जाच्या वेळी दाखवेल. तो पाहून, चुलतींशी बोलून, मगच पुढचे पाऊल टाका. याखेरीज १५ वर्षांवरील वाहनांचा पर्यावरण कर आहे. २०१९ मध्ये मी माझ्या जुन्या स्कूटरचा भरला तेव्हा तो ५ वर्षांसाठी २,००० रुपये होता.

व्हिंटेज नोंदणीचा विचार कुणी सुचवला तर तो सोडून द्या. २०२१ मध्ये आलेले ते नियम पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षे पूर्ण झालेल्या वाहनांसाठी आहेत, आणि त्या क्रमांकाचे वाहन रोजच्या वापरासाठी रस्त्यावर आणताच येत नाही.

आता बदलांविषयी. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार वाहन उत्पादकाच्या मूळ तपशिलापेक्षा वेगळे करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हे स्पष्ट केले आहे. सुधारित कलम १८२-अ प्रमाणे असा बदल करणाऱ्या मालकाला ६ महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपयांपर्यंत दंड आहे. म्हणून तपासणीला गाडी मूळ रूपातच आणावी लागेल. ती चालवत आणू नका, टेम्पोत घालून आणा. मुदत संपलेल्या नोंदणीवर गाडी रस्त्यावर चालवणे म्हणजे नोंदणी नसलेले वाहन चालवणेच आहे आणि त्याला पहिल्याच वेळी ५,००० रुपयांपर्यंत दंड आहे.

गॅरेज_नांदेड

साहेबांनी कागदांचे सांगितले त्यात मी काही बोलावे असे नाही. नोंद सापडेपर्यंत गाडीवर खर्च करू नका, या एका बाबतीत मात्र माझे मत थोडे वेगळे आहे. टू-स्ट्रोक इंजिन वर्षानुवर्षे बंद राहिले की पिस्टन रिंगा सिलेंडरला धरतात, आणि प्रत्येक पावसाळ्यात ते अधिक घट्ट होत जाते. यावर दहा-वीस रुपयांचा उपाय आहे. प्लग काढा, त्या छिद्रातून चहाचा चमचाभर टू-टी ऑइल आत सोडा, प्लग हलक्या हाताने परत लावा आणि आठ दिवस गाडीला हात लावू नका. कुणी उत्साहाने किकवर उभे राहिले तर रिंग तुटते आणि सिलेंडरला ओरखडे पडतात, मग बोअर करण्यापासून गत्यंतर राहत नाही. एवढे आज करा, बाकी नोंद सापडल्यावर करा.

चासी नंबरविषयी विस्ताराने लिहितो, कारण गाड्या याच ठिकाणी वाया जातात. हँडलखालच्या मानेच्या नळीवर तो ठोकलेला असतो. तिथे ग्राइंडर नको, तारेचा ब्रश नको, सँड पेपरही नको. रॉकेलमध्ये भिजवलेले सुती फडके रात्रभर तिथे गुंडाळून ठेवा. सकाळी ग्रीस, माती आणि रंगाचे पापुद्रे बोटाने चोळले तरी निघतात. मग वहीचा पातळ कागद नंबरावर ताणून धरायचा आणि मऊ पेन्सिल आडवी धरून हलक्या हाताने घासायची. डोळ्यांना जे दिसत नाही ते कागदावर पांढऱ्या रेषांनी उमटते. अशी छाप अर्जासोबत द्यावीच लागते, म्हणून तीन-चार चांगल्या छापा काढून ठेवा. एक सावधगिरी सांगतो. गंजामुळे आठाची डावी बाजू खाल्ली जाते आणि तो तीन दिसतो. एका आकड्याबद्दल शंका असेल तर कागदावर अंदाजाने लिहू नका, छाप तशीच दाखवा.

आता गाडी मूळ रूपात आणण्याचे काम. कॅरियर कापताना वेल्डिंगचा डाग फ्रेमच्या नळीपासून दोन-तीन मिलिमीटर वर राहील असा कापून घ्या आणि उरलेला भाग कानशीने हळूहळू उतरवा. कटरने थेट नळीपर्यंत गेलात तर नळी पातळ होते आणि पुढे तिथूनच तडा जातो. नंबराच्या जवळ उष्णता अजिबात जाऊ देऊ नका. नंतर तिथे मूळ रंगापेक्षा वेगळा रंग मारून डाग लपवण्याचाही प्रयत्न करू नका, कारण तपासणाऱ्याचे लक्ष नेमके तिथेच जाते.

साडी गार्ड लोकांना शोभेची वस्तू वाटते, परंतु मागे बसणाऱ्याचे कपडे चाकात जाऊ नयेत म्हणून मागचे निम्मे चाक झाकणारे संरक्षण, धरायला दांडी आणि पाय ठेवायला पायदान या तिन्ही गोष्टी केंद्रीय मोटार वाहन नियमांतील १२३ व्या नियमात सांगितल्या आहेत. आपल्याकडे आई-बहिणी नऊवारी-सहावारी नेसून एका बाजूला पाय सोडून बसतात, आणि पदर चाकात गेलेले अपघात मी दोन वेळा प्रत्यक्ष पाहिले आहेत. कुणी मागितले नाही तरी साडी गार्ड बसवा. पुढचे मडगार्ड, साडी गार्ड आणि मूळ आकाराचा सायलेन्सर आपल्याकडे मिळाला नाही तर दिल्लीच्या करोल बागेतील दुकानांतून मागवता येतो. तिथे जुन्या गाड्यांचे सुटे भाग अजून मिळतात. मागवताना मॉडेलचे पूर्ण नाव आणि फोटो पाठवा, कारण राजदूतच्या निरनिराळ्या मॉडेलांचे मडगार्ड एकमेकांना बसत नाहीत.

विजेचे काम ६ व्होल्टचे आहे. गावातला इलेक्ट्रिशियन हाताशी असलेला १२ व्होल्टचा बल्ब लावून देईल आणि तो मेणबत्तीसारखा मिणमिणेल, मग तुम्ही वायरिंगला दोष द्याल. बल्ब आणि हॉर्न ६ व्होल्टचेच आणा. वायरिंग तीस वर्षांपूर्वीचे असेल तर जोड देत बसू नका, पूर्ण नवे ओढा. उंदरांनी कुरतडलेली वायर टाकीखाली एकमेकींना टेकली तर आग लागते.

पीयूसीबद्दल लोक घाबरतात, तसे घाबरण्याचे कारण नाही. ३१ मार्च २००० पर्यंत बनलेल्या दुचाकींसाठी मर्यादा कार्बन मोनॉक्साइड ४.५ टक्के आणि हायड्रोकार्बन ९,००० पीपीएम अशी सैल ठेवलेली आहे. कार्ब्युरेटर साफ असेल, सायलेन्सरमधला काजळीचा थर काढलेला असेल आणि पेट्रोलमध्ये ऑइल मापाने मिसळलेले असेल तर राजदूत त्यात बसते. आपली माणसे हाताच्या अंदाजाने ऑइल ओततात आणि मग निळा धूर येतो म्हणून इंजिन खोलायला आणतात.

गट्ट्यांचे टायर डांबरी रस्त्यावर ब्रेक मारताना घसरतात आणि पावसात तर भरवशाचे नाहीतच, तेव्हा रस्त्यासाठी साधे टायर घाला. चेन सॉकेटही मूळ दातांचेच घ्या. तीन गिअरची गाडी आहे, मोठ्या सॉकेटवर औशापर्यंत जाताना इंजिन सतत किंचाळत राहील आणि तापेल.

देवगिरीच्या_पायथ्याशी

प्रश्नकर्त्याच्या गाडीला मार्ग आहे हे वाचून आनंद झाला. माझ्या गाडीला नव्हता, आणि हा धागा वाचून कुणी माझ्यासारखे फसू नये म्हणून लिहितो.

मी छत्रपती संभाजीनगरचा. सहा वर्षांपूर्वी बाहेरच्या शहरातील एका विक्रेत्याकडून केवळ चिखलातील शर्यतीसाठी बनवलेली, परदेशी बनावटीची जुनी टू-स्ट्रोक मोटारसायकल घेतली. तिला हेडलाइट नव्हता, आरसा नव्हता, स्पीडोमीटर नव्हता, स्टँडसुद्धा नव्हते. विक्रेत्याने सांगितले की दिवे, हॉर्न, आरसे बसवा, नंबर मिळून जाईल. परदेशातील चित्रफिती पाहून मलाही ते खरे वाटले, कारण काही देशांत एकेका गाडीची स्वतंत्र तपासणी होऊन अशा गाड्यांना रस्त्याचा परवाना मिळतो. मी तब्बल चार महिने वायरिंग करून घेतले, इंडिकेटर बसवले, मागे दिवा लावला. कार्यालयात गेल्यावर अधिकाऱ्यांनी दिव्यांकडे पाहिलेसुद्धा नाही. त्यांनी एकच विचारले की या मॉडेलचे टाइप अप्रूव्हल कुठे आहे.

तेव्हा मला कळले की आपल्या देशात रस्त्यावर येणारे प्रत्येक मॉडेल उत्पादकाने किंवा आयातदाराने आधी नियम १२६ खालील मान्यताप्राप्त संस्थेकडून तपासून घ्यावे लागते. पुण्याची एआरएआय ही त्यांपैकीच एक संस्था. त्या मान्यतेच्या आधारावर उत्पादक नमुना २२ देतो. जी गाडी कधीच रस्त्यासाठी म्हणून बनवली नाही तिचा नमुना २२ अस्तित्वातच नसतो, आणि मालकाने नंतर किती दिवे लावले याने त्यात फरक पडत नाही. अधिकाऱ्यांनी मला हे शांतपणे, अर्धा तास देऊन समजावले, त्याबद्दल मी त्यांचा आजही ऋणी आहे. माझा राग आहे तो विक्रेत्यावर, ज्याला हे सर्व माहीत होते.

ती गाडी मी आता एका मित्राच्या पडीक रानात चालवतो आणि तिथपर्यंत टेम्पोत घालून नेतो. जुनी गाडी घेताना पुढील व्यक्तीने आरसी दाखवली नाही तर ती रस्त्याची गाडी नव्हे असेच समजावे. आणि आरसी असेल तर तिच्यावरील चासी क्रमांक स्वतः गाडीवर वाचून पाहिल्याशिवाय इसार देऊ नये.

कयाधूकाठ

विषयाला धरूनच एक विचारतो. माझ्या मामांनी सैन्याच्या लिलावातील बुलेट घेतली होती, तिची नागरी नोंदणी कधीच झाली नाही आणि मळ्यातच चालत होती. तिच्याकडेही नमुना २२ नाही. मग तीही याच प्रकारात मोडते का?

निवृत्त_निरीक्षक_परभणी

नाही, सैन्यातून निघालेल्या वाहनांसाठी वेगळी तरतूद आहे. नियम ४७ मध्ये अशा वाहनाच्या नोंदणीसाठी संबंधित प्राधिकाऱ्याचे नमुना २१ मधील मूळ विक्री प्रमाणपत्र मागितले आहे. मामांकडे लिलावाचा तो मूळ कागद असेल तर त्याला लॅमिनेशन न करता प्लॅस्टिकच्या पाकिटात जपून ठेवा आणि त्यावरील इंजिन व चासी क्रमांक गाडीशी जुळतात का ते आधी पाहा. लिलावातील गाड्यांत इंजिने बदललेली असतात. छायांकित प्रतीवर काम होत नाही. मूळ कागदच हरवला असेल तर ज्या डेपोतून लिलाव झाला तिथे पत्रव्यवहार करावा लागेल.

नांदेडच्या मित्रांचे ऑइलविषयीचे म्हणणे मला मान्य आहे. मी "एक रुपयाही" असे लिहिले ते थोडे जास्तच झाले. मात्र मडगार्ड, सायलेन्सर आणि टायर नोंद हाती येण्यापूर्वी घेऊ नयेत, यावर मी ठाम आहे.

औशाचा_पुतण्या

सर्वांचे मनापासून आभार. पाच आठवड्यांनी लिहितो आहे, कारण काही हाती लागल्याशिवाय लिहिणे बरे वाटेना.

घरात क्रमांकाचा एकही कागद मिळाला नाही. भूकंपाआधीचे आमच्याकडे काहीच उरलेले नाही. मग चुलतीच म्हणाल्या की निलंग्याच्या आत्यांचे लग्न १९९२ मध्ये झाले तेव्हा नवरदेवाला पारावरून मांडवापर्यंत याच गाडीवर आणले होते, आणि आत्यांच्या सासरी त्या लग्नाचे फोटो असतील. मी निलंग्याला गेलो. फोटो मिळाला. गाडी झेंडूच्या हारांनी सजवलेली आहे, पुढे चुलते उभे आहेत, आणि पुढच्या मडगार्डवरील पट्टीवर एमएच-२४ नंतरचे सगळे आकडे वाचता येतात. फक्त शेवटचा आकडा हाराखाली झाकला गेला आहे. म्हणजे दहाच क्रमांक तपासायचे उरले.

निरीक्षक साहेबांनी सांगितल्याप्रमाणे चुलतींच्या सहीचा अर्ज, फोटोची प्रत आणि चासी नंबरची पेन्सिल छाप घेऊन कार्यालयात गेलो. छापेवर शेवटून तिसरा आकडा तीन आहे की आठ, हे मला घरी कळत नव्हते, म्हणून मी अर्जात तो लिहिला नाही, छाप तशीच जोडली. तिसऱ्या खेपेला संबंधित लिपिकांनी जुनी नोंदवही काढली. कापडी बांधणीची, कडा फाटलेली वही होती. दहा क्रमांकांपैकी सातव्या ओळीवर त्यांनी बोट ठेवले. निळ्या शाईत चुलत्यांचे पूर्ण नाव आणि आमच्या जुन्या गावाचा पत्ता लिहिलेला होता. चासी क्रमांकाच्या रकान्यात शेवटून तिसरा आकडा आठ होता. त्यांनी माझी छाप नोंदीशेजारी धरली, खिडकीच्या उजेडात तिरपी करून पाहिली, आणि आठाच्या डाव्या बाजूची पुसट रेघ मलाही दाखवली.

बॅकलॉगचा अर्ज दाखल झाला आहे. गहाळ दाखला मिळाला, दोन्ही बहिणींनी संमतीपत्रावर सह्या केल्या आणि चुलतींचा मोबाइल आधारला जोडून झाला. उशिराचे शुल्क किती येते ते अजून दिसलेले नाही. बहिणींनी ते तिघांत वाटून घेऊ असे आपणहून सांगितले आहे. ऑइल सोडल्यावर नवव्या दिवशी मी किक हाताने, हळूच खाली दाबली, तर पिस्टन हलला. अजून सुरू केलेली नाही.

नांदेडच्या दादांना एक विचारायचे आहे. कॅरियर कापण्यासाठी गाडी टेम्पोत घालून तुमच्याकडेच आणली तर चालेल का? इथल्या वेल्डरवर त्या नळीच्या बाबतीत माझा भरवसा बसत नाही.

गॅरेज_नांदेड

अवश्य आणा. रविवार सोडून कुठल्याही दिवशी या, आणि मानेवरच्या नंबराभोवती ओले फडके गुंडाळून, वरून सुतळी बांधूनच टेम्पोत चढवा. वाटेत दोरखंड तिथे घासला जाऊ देऊ नका.